थंडी किती पडली, याचा हिशेब

दरवर्षी मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावर गोठलेल्या दवाचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते, आणि निफाडचा पारा किती खाली उतरला याची बातमीही त्याच सुमारास वाचावयास मिळते. हे वाचून पुष्कळांच्या मनात प्रश्न उभा राहतो : आपल्याकडेही एवढी थंडी पडते, मग सफरचंद का होऊ नये? प्रश्न रास्त आहे. अलीकडे उष्ण प्रदेशात येणारी म्हणून सफरचंदाची कलमे ठिकठिकाणी विकली जातात, त्यामुळे तो केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. फळबाग लावणे म्हणजे काही वर्षांची जमीन, पाणी आणि पैसा एका अपेक्षेवर गुंतविणे होय. म्हणून सफरचंदाला लागणारी थंडी मोजतात कशी, हे आज जरा सावकाशीने पाहू.

प्रथम हे झाड थंडी मागते कशासाठी, ते समजून घेतले पाहिजे. सफरचंदाचे फूल वसंतात उमलते. परंतु ज्या डोळ्यातून ते उमलते तो आदल्या उन्हाळ्यातच घडू लागलेला असतो. पानगळ झाली की हे डोळे गाढ सुप्तावस्थेत जातात. मग त्यांना कितीही ऊब द्या, पाणी द्या, ते फुटत नाहीत. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. जानेवारीत चार दिवस ऊन पडले म्हणून फुले उमलली, तर पुढल्या हिमवर्षावात ती सारी करपून जावयाची. म्हणून झाड जणू थंडीचा हिशेब ठेवते. तो पुरा झाला की हिवाळा सरला असे मानते आणि मगच उबेला ओ देते. थंडी वाढीला केवळ रोखते असे नाही, तर पुढील वाढीला चेतविते, ही गोष्ट फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० मध्ये प्रयोगांनिशी मांडली.

मोसंबी-डाळिंबाच्या बागाईतदाराला हे नवल वाटू नये. मृग किंवा हस्त बहार धरावयाचा म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, हे त्यास ठाऊकच असते. सफरचंदाचा ताण थंडीचा. फरक इतकाच की, पाण्याचे दार आपल्या हाती असते, थंडीचे नसते.

हिशेब अपुरा राहिला तर काय होते? झाड मरत नाही, आणि येथेच नवखा माणूस फसतो. काही डोळे वेळेवर फुटतात, काही महिनाभर मागे राहतात, काही फुटतच नाहीत. पालवी उशिरा येते आणि फांद्या मधूनमधून उघड्या दिसतात. फुलोरा रेंगाळला की परागीभवन बिघडते. डेलिशस जातीला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. गोल्डन डेलिशससारखी दुसरी जात तिच्याबरोबरच फुललेली असावी लागते. दोघींची वेळ जुळली नाही, तर मधमाशीने आणावे तरी काय? हिमाचल प्रदेशात बागाईतदार फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, दुसऱ्या जातीच्या फुललेल्या डहाळ्या पाण्यात खोचून झाडांना टांगतात. थंडीची तूट अशी शेवटी टोपलीत दिसते.

आता मापाकडे वळू. सर्वांत जुने आणि सोपे माप तासांचे. जे. एच. वाइनबर्गर यांनी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पीच फळावर केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७.२ अंश सेल्सिअसच्या खालचे तास मोजावयाचे, ही रीत रूढ झाली. रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत ‘हजार तासांची जात’, ‘तीनशे तासांची जात’ असे लिहिलेले असते ते बहुधा याच रीतीने. रेड डेलिशसला साधारणपणे हजार ते बाराशे तास लागतात असे सांगतात. पुढे काहींनी शून्याखालचे तास वगळण्याची दुरुस्ती केली, कारण गोठलेल्या डोळ्यात काम चालत नाही असे त्यांचे मत पडले.

या मापात एक उणीव आहे. ते रात्र मोजते आणि दिवस विसरते. १९७४ मध्ये युटा राज्यातील रिचर्डसन, सीली व वॉकर या संशोधकांनी गुणांची पद्धत सुचविली. २.५ ते ९.१ अंशांमधील एका तासाला पूर्ण एक गुण. त्याच्या किंचित वर, १२.४ पर्यंत, आणि किंचित खाली, १.५ पर्यंत, अर्धा गुण. त्याहून अधिक थंडीला शून्य. १२.५ ते १५.९ पर्यंतही शून्य. १६ ते १८ पर्यंत अर्धा गुण वजा, आणि १८ च्या वर गेल्यास तासाला पूर्ण गुण वजा! दुपारच्या उन्हाने रात्रीची कमाई खर्ची पडते, हे या रीतीने प्रथमच हिशेबात घेतले.

दोन कल्पित दिवस घेऊन पाहू. पहिला आपल्या पठारावरील थंड रात्रीचा : पाच तास ५ ते ७ अंश, चार तास १० ते १२, चार तास १३ ते १५, दोन तास १७ आणि उरलेले नऊ तास १८ च्या वर. जुन्या मापाने पाच तास जमा. असे साठ दिवस आले तर तीनशे तास. ‘तीनशे तासांची जात’ येण्यास हरकत नाही असे वाटेल. युटाच्या रीतीने मांडा : पाच अधिक दोन, वजा एक, वजा नऊ, म्हणजे वजा तीन. साठ दिवसांनंतर खात्यावर एकशे ऐंशी गुणांचे कर्ज! दुसरा दिवस काश्मीरचा. तेथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. समजा त्यातील एका दिवशी चौदा तास पारा शून्याखाली, तीन तास शून्य ते सव्वा अंश, दोन तास दोन अंश आणि पाच तास ३ ते ६ अंश राहिला. जुन्या मापाने चोवीस तास जमा, दुरुस्त मापाने दहा, युटाच्या मापाने केवळ सहा. हाडे गोठविणारी थंडी झाडाच्या खात्यात फारशी जमा होतच नाही. त्याला हवी असते ती शीतपेटीतील थंडी, हिमनगाची नव्हे.

परंतु युटाची रीतही थंड प्रदेशात जन्मलेली. इस्राएलसारख्या देशात ती लावली की बेरीज अनेकदा ऋण येई, आणि झाडे मात्र तिकडे लक्ष न देता फुलत! म्हणून फिशमन, एरेझ व कूव्हिलॉन यांनी १९८७ मध्ये तिसरी रीत मांडली. तिचे गणित अवघड आहे, पण मर्म घरगुती दाखल्याने कळेल. एक तांब्या उन्हात ठेवून त्यात थेंबथेंब पाणी साठवावयाचे आहे. थंडी थेंब टाकते, ऊन थेंब उडविते. मात्र तांब्या एकदा भरला की तो रांजणात ओतला जातो, आणि रांजणातील पाण्याला ऊन लागत नाही. भरलेल्या प्रत्येक तांब्याला या रीतीत थंडीचा एक ‘वाटा’ म्हणतात. महिनाभरापूर्वी मिळविलेला वाटा आजच्या उकाड्याने हिरावला जात नाही. आजचा अर्धवट तांब्या तेवढा रिकामा होतो. शिवाय रात्रीच्या थंडीला १३-१४ अंशांच्या सौम्य दिवसाची जोड मिळाली तर तांब्या लवकर भरतो. निरनिराळ्या हवामानांची तुलना करावयाची असल्यास हीच रीत त्यातल्या त्यात भरवशाची, असे आज अनेक संशोधक मानतात, आणि मलाही ते पटते.

ही निव्वळ पंडितांची चर्चा नव्हे. सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशसची कलमे आणून सिमल्याजवळ कोटगड भागात लावली, आणि त्यातून पुढे अनेक खेड्यांचा संसार उभा राहिला. आज कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात अनेकांनी सफरचंद काढून डाळिंब लावले आहे, आणि सफरचंदाच्या बागा किन्नौर, लाहौलच्या उंच प्रदेशाकडे सरकल्या आहेत. हिवाळा संपला असे वाटत नाही, पण झाडाचे तांब्ये पूर्वीइतके भरत नाहीत.

दुसऱ्या बाजूला थोड्या थंडीत भागविणाऱ्या जातीही आहेत. इस्राएलमधील ‘अॅना’ आणि बहामा बेटांवरील ‘डॉर्सेट गोल्डन’ या प्रसिद्ध आहेत. अॅनाला डॉर्सेटचा पराग चालतो, म्हणून दोन्ही शेजारी लावतात. आपल्याकडे हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांनी ‘एचआरएमएन-९९’ ही जात निवडून वाढविली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. हे काम मोलाचे आहे. परंतु बिलासपूरचा हिवाळा आणि सोलापूरचा हिवाळा एक नव्हे, हे कलम विकणारा सांगेलच असे नाही. पूर्व जावात मालांगजवळच्या बातू येथे तर विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सफरचंद पिकते. तेथे तोडणीनंतर सारी पाने हाताने खुडतात. झाड गाढ झोपण्यापूर्वीच नवी फूट घेते आणि वर्षातून दोन पिके देते. थंडीचा हिशेब त्यांनी चुकविला, पण पान न् पान खुडण्याच्या मजुरीचा हिशेब मांडूनच.

आपण इंदूरला असा, बेळगावला असा की नाशिकला; अंगणात दोन झाडे लावून मुलांना मौज दाखवावयाची असेल तर खुशाल लावा. मात्र एकरभर बागेसाठी कर्ज काढण्यापूर्वी विक्रेत्यास दोन प्रश्न विचारा : या जातीचे तास कोणत्या मापाने मोजले, आणि कोणत्या गावी? नंतर स्वतः एक हिवाळा मोजा. तासातासाची नोंद ठेवणारे छोटे यंत्र आता मिळते. ते भिंतीला टांगू नका. भिंत दिवसाचे ऊन रात्री परत देते. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, झाडे लावावयाची त्याच तुकड्यात ते ठेवा. नोंद ऑक्टोबरपासूनच सुरू करा, कारण युटाच्या रीतीत शरदातील ऋण सर्वांत खोल जाते त्या दिवसापासून जमा धरतात. फेब्रुवारीअखेर कागद घेऊन बसा आणि तिन्ही मापांनी बेरीज करून पाहा. तिसरीचे गणित जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडून करून घ्या.