कॅमरीची मागची सीट



नव्या टोयोटा कॅमरीबद्दल ग्राहकांची कुरकुर म्हणजे गाडी न चालवताच मारलेले शेरे, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. लांबी ४८८५ वरून ४९२० मि.मी. झाली म्हणून कुटुंबाला ऐसपैस जागा मिळाली, हा त्यांचा हिशेबच चुकला आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर पूर्वीइतकेच, २८२५ मि.मी. आहे. उंचीही तीच, १४५५ मि.मी.

मायलेजचे त्यांनी केलेले कौतुक मात्र रास्त आहे. अडीच लिटरच्या हायब्रिड सेडानला लिटरमागे २५.४९ किलोमीटरचा प्रमाणित आकडा मिळणे ही मोठीच गोष्ट.

पण कुटुंबासाठी गाडी घेणारा शोरूममध्ये काय पाहतो? सत्तरीतली आई दाराची चौकट धरते, मान वाकवते, आधी टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. उतरताना सगळा भार गुडघ्यांवर. मागची सीट कलते, मधल्या आर्मरेस्टवर बटणे आहेत. ही सारी मांडणी दोघांसाठी. आर्मरेस्ट खाली घेतला की तिसऱ्याला जागाच उरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आलेल्या गाडीबद्दल हे विचारायचे नाही, तर कशाबद्दल विचारायचे?

पुढच्या परीक्षणात संपादकांनी मागे तिघांना बसवून लांबचा प्रवास करावा आणि त्यांचेही मत छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे