उष्णतेचे खाते

बँकेत कर्जविभाग सांभाळत होतो त्या काळी पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला येणारा माणूस, शाळा चौथीपर्यंतच झालेली असली तरी, मोटर किती अश्वशक्तीची, बेअरिंग कुठे मिळते आणि पट्टा तुटला तर काय करायचे हे घडाघडा सांगत असे. कोटेशनवरही ते लिहिलेले असे. आज लाख-सव्वा लाख मोजून लॅपटॉप घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला विचारून पाहा, की यातले ग्राफिक्स कार्ड किती वॅटचे? त्याला ठाऊक नसते. दुकानदारालाही बहुधा नसते. कारण खोक्यावर तो आकडा सहसा ठळकपणे कुठे दिसतच नाही.

खेळ खेळणाऱ्या पोरांचा हा विषय, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र रचणारा, संगणकातला दुसरा गणकच. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचे त्रिमिती आराखडे, लग्नाची चित्रफीत संकलित करणाऱ्याची कमाई, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग, हे सारे त्याच्यावर चालते.

‘आरटीएक्स ४०६०’ हे एक नाव घेऊ. लॅपटॉपमध्ये या एकाच नावाची चिप ३५ वॅटची असू शकते आणि ११५ वॅटचीही. ‘आरटीएक्स ४०९०’ची गोष्ट तर आणखी गमतीची. टेबलावरच्या संगणकात ती ४५० वॅटची. लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली १५० वॅटच्या आसपासची, आणि आतली चिपही वेगळी, लहान. आम्ही एकाच नावाने दोन व्याजदरांच्या ठेवी विकल्या असत्या, तर ऑडिटरने आमची काय दशा केली असती याची मला चांगली कल्पना आहे.

वॅटचा एवढा आग्रह का? तर चिपने घेतलेली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्वीचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब ज्याने पेटता असताना हाताने काढायचा प्रयत्न केला असेल, त्याला शंभर वॅट म्हणजे काय हे सांगायला नको. इथे तेवढीच उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून, दोन बोटे जाडीच्या पेटीतून बाहेर काढायची असते. ते काम तांब्याच्या चपट्या नळ्या करतात. नळीतली हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. चिपजवळ त्याची वाफ होते, पंख्याजवळ वाफेचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून ते मागे झिरपते. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही युक्ती सिद्ध केली. किती उष्णता वाहून न्यायची याची या नळ्यांना मर्यादा असते. कॅश क्रेडिटला असते तशीच. मर्यादा ओलांडली की बँक चेक परत पाठवते. चिप ८५-९० अंशांच्या आसपास पोचली की आपला वेग आपणच उतरवते.

म्हणून कार्ड बदलताना ही मर्यादा आधी पाहावी. माझ्या भाचीचा मुलगा वास्तुकला शिकतो. त्याच्यासाठी मी एका कचेरीने मोडीत काढलेला, जाडजूड, वर्कस्टेशन जातीचा लॅपटॉप घेतला. त्यात कार्ड सुटे होते. २००४ मध्ये एनव्हिडियाने एमएक्सएम नावाची पद्धत आणली, तिच्यात ग्राफिक्स कार्ड खाचेत बसवता-काढता येते. पुढची आठ-दहा वर्षे अनेक जड लॅपटॉपांत ती होती. नातवाला मोठे कार्ड हवे होते. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर म्हणाला, ‘‘काका, जुनं जेवढ्या वॅटचं, तेवढ्याच वॅटचं पण नंतरच्या पिढीचं घ्या. तेवढ्याच गरमीत काम जास्त होईल.’’ कर्ज न वाढवता उत्पन्न वाढवणे म्हणतात ते हेच.

त्याचे काम मी शेजारी बसून पाहिले. नवे कार्ड यंत्राची बायोस ओळखेल की नाही हे त्याने आधी तपासले. अनोळखी कार्ड नाकारणारी यंत्रे असतात. जुनी पेस्ट पुसली. चिप आणि तांबे यांच्यामधल्या सूक्ष्म फटींत हवा राहू नये म्हणून ही पेस्ट असते. काही वर्षांत ती वाळते आणि निम्मे ‘हीटिंग’चे रोग तिथूनच सुरू होतात. सर्वांत अधिक वेळ त्याने मेमरीच्या चिपांवरच्या मऊ पट्ट्यांना दिला. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरची पट्टी लावली, तर तांबे मुख्य चिपवर टेकतच नाही. मग कितीही भारी पेस्ट लावा. पंखा साफ करताना त्याने पाती बोटाने धरून ठेवली, हवेच्या झोताने ती भरमसाट फिरू नयेत म्हणून. पूर्वी पूर्ण भारावर ९३ अंश दाखवणारे यंत्र नंतर ७९ वर थांबले.

सगळ्यांना कार्ड बदलायचे नसते, पण तापमान सगळ्यांनाच सांभाळावे लागते. खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच तापते. मेमध्ये ४५ अंश सोसणाऱ्या विदर्भाचे गणित म्हणूनच पुण्याहून वेगळे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, मागची बाजू उचलून ठेवावी. खेळात सेकंदाला ६० चित्रे पुरत असतील तर तिथेच मर्यादा घालावी. आणि ज्या यंत्रात सोय आहे तिथे चिपचे व्होल्टेज थोडे उतरवावे. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरले तर चिपच्या चालत्या कामाचा खर्च सुमारे १९ टक्के उतरतो. असा सौदा आमच्या धंद्यात कधी मिळाला नाही.

उष्णतेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत कंपन्यांनीही मोजली आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही सदोष चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तापणे-निवणे, पुन्हा तापणे, यात चिपखालचे बारीक सांधे तडकत होते. हताश झालेले लोक अख्खा बोर्ड भट्टीत भाजून काढत. काही दिवस तो चालेही. ज्यांचे कार्ड सुटे होते त्यांनी कार्ड बदलले. ज्यांचे डाखलेले होते त्यांचा सारा लॅपटॉप गेला.

आज बहुतेक लॅपटॉपांत चिप मुख्य बोर्डावर डाखलेली असते. कंपन्या म्हणतात, त्यामुळे यंत्र पातळ होते. खरे आहे, आणि किलोभराच्या लॅपटॉपला ते मला मान्यही आहे. पण अडीच किलोच्या, वीटभर अ‍ॅडॅप्टर बाळगणाऱ्या यंत्राने पातळपणाची सबब सांगावी, हे पटत नाही. त्यातही झाकण उघडू नका असे बजावणारे स्टिकर! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये हमीला असल्या अटी जोडणाऱ्या सहा कंपन्यांना ताकीद दिली. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापावा लागतो. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. खोक्यावर कार्डाचे वॅट, हमी न मोडता पंखा साफ करण्याची मुभा आणि पुस्तिकेत पट्ट्यांची जाडी, एवढे तरी सक्तीचे करायला कुठल्या समितीची वाट पाहायची?

हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण आहे. फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती दिलेल्या १६ इंची लॅपटॉपात ग्राफिक्सचा खण मागून सरकवून काढता येतो. २०२५ मध्ये तिने एनव्हिडियाच्या नव्या चिपचा खण विकायला काढला, आणि तो जुन्या यंत्रात बसतो. पंखेही त्या खणातच असतात, त्यामुळे नवे कार्ड स्वतःची उष्णता बाहेर टाकण्याची सोय बरोबर घेऊनच येते.