बाबाची नाइट शिफ्ट

नाइट शिफ्टच्या नावानं बोटं मोडताय? मग अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विन बाबाला भेटाच! मे-जूनमध्ये आई एकच अंडं घालते, बाबाच्या पायांवर सोपवते आणि खाण्यासाठी थेट समुद्र गाठते. पुढचे साधारण ६५ दिवस अंडं बाबाच्या पावलांवर, पोटाच्या कातडीच्या घडीखाली. बाहेर काळोख, बोचरा वारा आणि उणे ४० अंश. सगळे बाबा एकमेकांना चिकटून उभे. जोडी जमवण्याच्या धामधुमीपासून धरला, तर उपास जवळपास चार महिन्यांचा! आई यायच्या आत पिल्लू बाहेर आलंच, तर बाबा घशातून दुधासारखा स्राव काढून भरवतो. मग आई चार्ज घेते आणि बाबाची जेवणाची सुट्टी होते.

पण खरी डेडलाइन पुढेच आहे. डिसेंबरच्या सुमारास पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं येतात. तोवर खालचा समुद्री बर्फ टिकायला हवा. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो आधीच फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. बाबांनी ड्यूटी चोख बजावली होती हो, पायाखालचा बर्फच सरकला.