विश्लेषण : करुण नायर गेला, विदर्भाचा रणजी संघ आता किती भक्कम?

नागपूरजवळच्या जामठा मैदानावर १ ते ५ ऑक्टोबर २०२५ या काळात झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले. हा करंडक विदर्भाने तिसऱ्यांदा जिंकला. त्यानंतर १५ ऑक्टोबर २०२५ पासून रणजी हंगाम सुरू झाला आणि विदर्भ गतविजेता म्हणून मैदानात उतरला. मात्र गेल्या हंगामात ८६३ धावा करणारा करुण नायर आता संघात नाही. दोन हंगाम विदर्भाकडून खेळून तो आपल्या मूळ कर्नाटक संघात परतला आहे. त्यामुळे नागपूरच्या स्टेडियमपासून यवतमाळ जिल्ह्याच्या टोकावरच्या मुकुटबनपर्यंत मोबाइलवर स्कोअर पाहणाऱ्या चाहत्यांना एकच प्रश्न पडला आहे : हा संघ पुन्हा जिंकेल का?

थोडक्यात उत्तर असे : फलंदाजी सावरेल, फिरकी देशातल्या सर्वोत्तमांपैकी आहे, वेगवान माऱ्याची काळजी आहे आणि प्रशिक्षक योग्य आहे. पण खरा धोका या वर्षीचा नाही. तो तीन-चार वर्षांनंतरचा आहे आणि त्याचे उत्तर नागपूरबाहेर शोधावे लागेल.

नायरची उणीव किती जाणवेल?

सुरुवातीला जाणवेल, हे मान्य करायला हवे. केरळविरुद्धच्या गेल्या अंतिम सामन्यात विदर्भाची पहिल्या डावात अवस्था ३ बाद २४ होती. तिथून नायर आणि दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात २ बाद ७ असताना पुन्हा हीच जोडी उभी राहिली आणि १८२ धावा जोडून गेली. नायरने त्या सामन्यात ८६ आणि १३५ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. एवढ्याशा फरकाने करंडक आला असेल, तर नायरच्या धावांचे मोल वेगळे सांगायला नको.

पण या दोन्ही भागीदाऱ्यांत दुसरे नावही आहे. मालेवारने त्या सामन्यात १५३ आणि ७३ धावा करून सामनावीराचा मान मिळवला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि तो त्याचा पहिलाच रणजी हंगाम होता. ऑगस्टमध्ये दुलीप करंडकात त्याने मध्य विभागाकडून द्विशतकही केले. म्हणजे एका हंगामापुरते चमकून विझणारे हे नाव नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा यश राठोडचा आहे. गेल्या रणजी हंगामात सर्वाधिक धावा नायरच्या नव्हत्या, त्या राठोडच्या होत्या : ९६०. उपांत्य फेरीत मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने १५१ धावा केल्या आणि विदर्भाने तो सामना ८० धावांनी जिंकला. सप्टेंबरमध्ये दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने १९४ धावा केल्या. चर्चा नायरची झाली, पण सर्वांत जास्त ओझे राठोडने वाहिले.

मग फलंदाजीत कच्चा दुवा कोणता?

सलामीचा. अंतिम सामन्यात फिरकी गोलंदाज पार्थ रेखडेला सलामीला आणि वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवावे लागले. हा डाव साधला नाही. दोघेही झटपट बाद झाले आणि मधल्या फळीला नव्या चेंडूपुढे उभे राहावे लागले. मधली फळी भक्कम होती म्हणून ते खपून गेले. नायर नसताना असा प्रयोग परवडणार नाही.

यावर उत्तर इराणी सामन्यात दिसले. अकोल्याच्या अथर्व तायडेने शेष भारताच्या माऱ्यासमोर सलामीला १४३ धावा केल्या आणि सामनावीर ठरला. तायडे आणि दिल्लीहून आलेला अनुभवी ध्रुव शोरी यांनी नवा चेंडू जुना करून दिला, तर मालेवार, राठोड आणि कर्णधार-यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांना धावा करायला मोकळीक मिळेल. वाडकरने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात शतक केले होते, २०२३-२४ च्या अंतिम सामन्यातही केले. दडपणाखाली तो काय करतो, याची शंका घेण्याचे कारण नाही.

गोलंदाजी एकट्या हर्ष दुबेवर अवलंबून आहे का?

आकडे पाहिले तर तसे वाटते. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने गेल्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम आहे. याआधी बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये ६८ बळी घेतले होते. दुबेने खालच्या क्रमांकावर येऊन ४७६ धावाही केल्या आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा खेळाडू भारत ‘अ’ संघ किंवा त्याहून वर जाणारच, आणि त्याने जावेच. प्रश्न आहे तो नसताना काय, हा.

त्याचेही उत्तर अर्धे मिळालेले आहे. अंतिम सामन्यात केरळचे दहा बळी दुबे तीन, रेखडे तीन, नळकांडे तीन आणि यश ठाकूर एक असे वाटले गेले. उपांत्य फेरीत रेखडेने एकाच षटकात मुंबईचे अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे हे तीन फलंदाज टिपले होते. फिरकीची दुसरी फळी तयार आहे.

काळजी वेगवान माऱ्याची आहे. विदर्भाने गेल्या हंगामात उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने जामठ्यालाच खेळले. घरची खेळपट्टी आणि घरची फिरकी हे गणित जमले. पण पहिले विजेतेपद आठवा. २०१७-१८ मध्ये उपांत्य सामना कोलकात्यात होता आणि अंतिम इंदूरला. तिथे संघाला तारले ते वेगवान गोलंदाज रजनीश गुरबाणीने. कर्नाटकला पाच धावांनी हरवताना त्याने दुसऱ्या डावात सात बळी घेतले आणि दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक. बाहेरच्या मैदानावर सामना जिंकून देणारा असा एक वेगवान गोलंदाज संघात लागतो.

उमेश यादवनंतर आणि गुरबाणी महाराष्ट्राकडे गेल्यानंतर ती जागा अजून पूर्ण भरलेली नाही. यश ठाकूर, वर्ध्याचा नळकांडे, अकोल्याचा आदित्य ठाकरे आणि नचिकेत भुते ही फळी मेहनती आहे, पण ‘सामना याच्या हातात द्या’ असे म्हणावे असा एक अजून ठरायचा आहे. बाहेर फलंदाजीचीही परीक्षा असते. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत आटोपला होता आणि तो करंडक तिथेच हातून गेला.

प्रशिक्षकाचे काय?

विदर्भाने १९५७-५८ मध्ये रणजीत पाऊल ठेवले आणि पहिली अंतिम फेरी गाठायला साठ वर्षे लागली. तो उंबरठा ओलांडून दिला चंद्रकांत पंडित यांनी. त्यांची शिस्त कडक, पद्धत ठरलेली. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन विजेतेपदे त्यांच्या काळात आली. जोडीला वसीम जाफर होता. त्याने २०१८-१९ मध्ये वयाच्या चाळिशीत १०३७ धावा केल्या. पंडित पुढे मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२१-२२ मध्ये त्यांनाही रणजी जिंकून दिली. म्हणजे गुण त्यांच्या पद्धतीत होता, यात वाद नाही.

आताचे प्रशिक्षक उस्मान गनी हे विदर्भाचेच माजी खेळाडू आहेत. त्यांच्या हाताखाली संघ २०२३-२४ मध्ये उपविजेता आणि २०२४-२५ मध्ये विजेता ठरला. पंडित यांना हरण्याची सवय मोडायची होती. गनी यांच्यापुढचे काम वेगळे आहे. त्यांना जिंकायची सवय लागलेल्या संघात नवीन मुले मुरवायची आहेत. मालेवारला पहिल्याच हंगामात वरच्या क्रमांकावर टिकवून ठेवणे आणि रेखडेसारख्या नवख्याला बाद फेरीत खेळवणे, ही त्या कामाची खूण आहे. एखादा प्रयोग फसला म्हणून प्रशिक्षक बदलण्याची भाषा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. या संघाला आता सातत्य हवे आहे.

दुसरे मोठे नाव आणावे का?

राज्य संघांना बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू घेता येतात. नायर गेल्यावर ‘तसाच दुसरा आणा’ ही मागणी होणे स्वाभाविक आहे. जाफर आणि नायर यांनी विदर्भाला जे दिले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोघांचा खरा उपयोग धावांइतकाच त्यांच्या समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाला झाला. असा शिकवणारा खेळाडू मिळाला तर घ्यावा. केवळ नावासाठी घेतला तर तो राठोड किंवा मालेवारच्या पाठीमागे थांबलेल्या एखाद्या मुलाची जागा अडवतो.

खेळाडू येतात तसे जातातही. २०१८-१९ चा अंतिम सामना ११ बळी घेऊन विदर्भाला जिंकून देणारा आदित्य सरवटे गेल्या अंतिम सामन्यात केरळकडून विदर्भाविरुद्धच गोलंदाजी करत होता. तरीही विदर्भ जिंकला, कारण त्याच्या जागी दुबे तयार होता. बाहेर गेलेल्याची जागा घरातून भरणे, हीच या संघाची आजवरची ताकद आहे.

यात मुकुटबनचा काय संबंध?

इथेच खरा प्रश्न येतो. विदर्भाचा संघ अकरा जिल्ह्यांचा आहे. झरी जामणी तालुक्यातले मुकुटबन हे सिमेंट आणि कोळशाच्या पट्ट्यातले, तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. अशा गावांत क्रिकेट भरपूर आहे, पण ते टेनिस चेंडूचे. लेदर चेंडू, टर्फ खेळपट्टी आणि रोज नजर ठेवणारा प्रशिक्षक हवा असेल तर वाट वणी, वरोरा, बुटीबोरी करत नागपूरला जाते. रोज जाऊन-येऊन सराव करणे शक्य नाही. मग घर सोडावे लागते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी हा खर्च आणि ही जोखीम किती घरांना झेपेल?

या पट्ट्यात गुणवत्ता नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. शेजारच्या केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार गेल्या विजेत्या संघात होता. तो मूळचा उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा. क्षेत्ररक्षण करताना तो डाव्या हाताने चेंडू फेकतो, हे प्रशिक्षकाच्या नजरेस आले आणि त्याला डाव्या हातानेही गोलंदाजी करायला सांगितले गेले. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा गोलंदाज पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध ट्वेंटी-२० सामन्यात चार षटके, चारही निर्धाव आणि दोन बळी असा विक्रम करून गेला. २०१९ च्या इराणी सामन्यात त्याने शतकही केले. ती नजर वेळेवर पडली नसती तर हा खेळाडू घडला असता का?

उमेश यादवची गोष्टही हेच सांगते. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा उशिरापर्यंत टेनिस चेंडूनेच खेळत होता. २००८ मध्ये तो रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. त्याचे गाव नागपूरला लागून होते, म्हणून तो उशिरा का होईना दिसला. वणी-मुकुटबनच्या खाणपट्ट्यात तसाच एखादा असेल, तर तो दिसणार कोणाला? आणि विदर्भाला आज नेमकी कसली टंचाई आहे? वेगवान गोलंदाजाची.

पुढे काय व्हायला हवे?

अकोल्याने वाट दाखवली आहे. तायडे आणि ठाकरे तिथूनच आले, कारण तिथे क्लबची परंपरा आहे, खेळपट्टी आहे आणि शिकवणारी माणसे आहेत. तेच यवतमाळ, गडचिरोली, वाशीमच्या टोकांपर्यंत नेण्यासाठी प्रत्येक गावात स्टेडियम लागत नाही. दोन-तीन तालुक्यांमिळून एक चांगली टर्फ खेळपट्टी, आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारा प्रशिक्षक आणि वर्षातून एकदा टेनिस चेंडूच्या स्पर्धांत फिरून वेगवान गोलंदाज हेरणारे पथक, एवढ्याने सुरुवात होते. एखाद्या पाहुण्या खेळाडूवर होणाऱ्या खर्चाशी याची तुलना करून पाहावी.

या हंगामात चाहत्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. सलामीची जोडी पहिला तास खेळून काढते का, घराबाहेरच्या सामन्यांत वेगवान गोलंदाज किती बळी घेतात, आणि दुबे नसेल तेव्हा रेखडे किती षटके टाकतो. ही तिन्ही उत्तरे चांगली आली तर बाद फेरी दूर नाही.

चौथी गोष्ट स्कोअरकार्डवर दिसत नाही. विदर्भाच्या १६ आणि १९ वर्षांखालील संघांची यादी जाहीर होईल, तेव्हा त्यात नागपूरबाहेरची नावे किती, हे मोजावे. २०२५ चा करंडक दहा वर्षांपूर्वीच्या अशाच याद्यांतून आला. २०३० चा करंडक आजच्या याद्यांतून यायचा आहे.