तालमींचे दफ्तर रद्दीत जाऊ नये

संपादक महाशय,



बारामती व इंदापूर तालुक्यांतील जुन्या तालमींची छायाचित्रे, गदा आणि जत्रेतील फडांच्या वह्या ही निव्वळ अडगळ असून तिची विल्हेवाट लावावी, असे आपल्या गेल्या अंकातील पत्रलेखकांनी सुचविले आहे. त्यांनी मांडलेल्या जागेच्या अडचणीविषयी पूर्ण आदर राखूनही त्या मताचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

१९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या मल्ल खाशाबा जाधवांचे ते कांस्यपदक, त्यांच्या गोळेश्वर या गावच्या रखडलेल्या कुस्ती संकुलापायी, लिलावात काढण्याची भाषा त्यांच्या कुटुंबीयांना २०१७ मध्ये करावी लागली; जेथे कीर्तिमंतांची ही गत, तेथे अनाम मल्लांच्या वह्यांना वाली कोण? उजनीच्या जलाशयात गेलेले पळसदेवचे देवालय पाणी ओसरताच पुन्हा दृष्टीस पडते, कारण ते पाषाणाचे आहे. परंतु वाळवीने खाल्लेली इनामांची नोंद, किंवा छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली मल्लांची व वस्तादांची नावे, एकदा गेली की कायमची गेली.

सबब दोन्ही नगरपरिषदांनी एकेक कोरडे, बंदिस्त कपाट याकामी राखून ठेवावे, मालकी मूळ घराण्याकडेच ठेवून वस्तूंची फेरिस्त करावी, रीतसर पावती द्यावी, आणि हयात वस्तादांकडून नावांची खातरजमा सर्वांआधी उरकून घ्यावी. तोवर ज्यांच्या घरी असे दफ्तर असेल, त्यांनी ते कृपा करून रद्दीवाल्याच्या हवाली करू नये.

आपला,
एक वाचक, इंदापूर (जि. पुणे)