कोसंबींचे गणित मराठी विकिपीडियावर यावे

माननीय कुलगुरू,
गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार यांस,

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाचे अध्यासन आपल्याकडे आहे, पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरत आला आहे. तरीही मराठीत कोसंबी म्हटले की बोलणे 1956च्या भारतीय इतिहासावरील त्यांच्या ग्रंथाकडे वळते आणि तिथेच थांबते. या गृहस्थाने आयुष्यभर पोट भरले ते गणितावर: बनारस, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन आणि शेवटी 1962पर्यंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. मराठी विकिपीडियावरील त्यांच्या चरित्रात हे गणित नीट मांडण्याचे काम विद्यापीठाने अंगावर घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

गणित अवघड, सामान्य वाचकाला काय कळणार, असे कोणी म्हणेल. एकच उदाहरण घ्या. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले आनुवंशिक अंतर थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटी झाली, यावरून ते काढावे लागते. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या 1919च्या सूत्रात गुणसूत्रांमधली प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, आणि कोसंबींनी आपल्या सूत्रात ही गोष्ट हिशेबात घेतली. सुटे होण्याचे प्रमाण शंभरात वीस असेल तर हॉल्डेन यांचे सूत्र साडेपंचवीस एकक अंतर सांगते, कोसंबींचे सुमारे एकवीस. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे आजही हे सूत्र त्यांच्याच नावाने वापरतात. दहावीच्या मुलालाही हे समजेल. मात्र लिहिणाऱ्याला आधी ते स्वतः समजलेले हवे. जुनी नाणी वापरात किती झिजली हे वजनाच्या सरासरीवरून आणि विखुरणीवरून ताडण्याची त्यांची रीत तर इतिहास आणि गणित यांना जोडणारीच आहे. तिच्याशिवाय इतिहासकार कोसंबीही अर्धेच कळतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: कोणीही लिहावे अशा ज्ञानकोशावर विद्यापीठाने वेळ का घालवावा? या बाबतीत खुद्द गोव्यातल्या डिचोलीचेच नाव खराब झाले आहे. 1640–41मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीवरून युद्ध झाले, असा एक बनावट लेख इंग्रजी विकिपीडियावर 2007पासून 2012च्या अखेरीपर्यंत होता. त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जाही मिळाला होता. 1640मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, मराठा साम्राज्य कुठले? आणि डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात. येथील इतिहासाच्या कोणत्याही प्राध्यापकाने पहिल्या ओळीलाच तो लेख पकडला असता. जाणकार बाजूला राहिले की पानाचे काय होते, हे त्यातून दिसते. म्हणून मला तो प्रसंग विद्यापीठाने यात पडावे, याच बाजूचा पुरावा वाटतो.

संदर्भांची अडचणही आता उरलेली नाही. कोसंबींचे निवडक गणिती आणि सांख्यिकी लेखन राम रामस्वामी यांच्या संपादनाने 2016मध्ये ग्रंथरूपात आले आहे. 1933चा वक्रमार्गांच्या भूमितीवरील लेख, 1943चा फलन-अवकाशातील सांख्यिकीवरचा लेख (कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा विचार त्यात आधीच मांडलेला आहे), हे सारे दाखला देऊन सांगता येते. रीमान गृहीतकाबाबत 1959मध्ये त्यांनी केलेला दावा टिकला नाही, हेही चरित्रात स्पष्ट यावे. गोव्याचा सुपुत्र म्हणून ते झाकले, तर बाकीच्या नोंदींवर वाचकाने विश्वास का ठेवावा?

2013मध्ये कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला करून आपल्या विद्यापीठाने मोठे काम केले. आता गणित आणि मराठी विभागांनी एकत्र बसावे. पेडण्यात विर्नोड्याचे आणि डिचोली तालुक्यात साखळीचे शासकीय महाविद्यालय आहे. तेथील मराठीत लिहिणारी मुले सोबत घ्यावीत. मजकूर मुलांनी लिहावा, सूत्रे गणिताच्या अध्यापकांनी तपासावीत, प्रत्येक विधानाला छापील दाखला असावा. 31 जुलै हा कोसंबींचा जन्मदिवस. येत्या 31 जुलैपर्यंत पहिला मसुदा व्हावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक मराठी वाचक