फुकटच्या गेममध्ये गरिबाचा रोबो का हरतो?

आपल्या वस्त्यांमध्ये मोबाइल गेमचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, पोरे वाया चालली. दुसरा, मोबाइल काढून घ्या. परभणी असो, पूर्णा असो की गंगाखेड, समाजमंदिराच्या पायरीवर चार पोरे फोनमध्ये मुंडी घालून बसलेली दिसली की जाणारा-येणारा दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती पोरे नेमके काय खेळतात, हे मात्र कुणी वाकून पाहत नाही.

वाकून पाहिले पाहिजे. या गेममधला एक प्रकार अजस्र यंत्रयोद्ध्यांचा आहे. त्यांना 'मेक' म्हणतात. घराएवढा लोखंडी यंत्रमानव, त्याच्या आत बसलेला चालक आणि समोर जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून इंटरनेटवर आलेला प्रतिस्पर्धी. १९७२ च्या 'माझिंगर झेड' आणि १९७९ च्या 'गंडम' या जपानी कार्टूनांनी ही कल्पना घरोघर नेली. १९९७ साली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने 'आर्मर्ड कोअर' हा गेम आणला, त्याचा सहावा अवतार ऑगस्ट २०२३ मध्ये आला.

या खेळाची गोडी जुळणीत आहे, गोळीबार त्यानंतरचा. डोके, धड, हात, पाय सुटे मिळतात. दोन हातांत दोन शस्त्रे, दोन खांद्यांवर आणखी दोन. पाय माणसासारखे घ्या, उलट्या गुडघ्याचे घ्या, चार घ्या, नाहीतर रणगाड्याची साखळी लावा. जड तोफ घेतली की पायांना वजन झेपत नाही. मजबूत पाय लावले की वेग घटतो. वेग हवा तर जनरेटर मोठा हवा, आणि तोही वजनदारच. कॅनडातल्या पिरान्हा गेम्सने २०१३ साली काढलेल्या 'मेकवॉरियर ऑनलाइन'मध्ये त्यात उष्णतेची भर पडते. सगळ्या तोफा एकदम डागल्या तर यंत्र तापून बंद पडते आणि तुम्ही शत्रूपुढे पुतळ्यासारखे उभे. वजन, वेग, वीज आणि उष्णता यांचा हा हिशेब आठवी-नववीतला मुलगा मनातल्या मनात करतो, आणि आपण त्याला रिकामटेकडा म्हणतो!

मुलांना यात मजा का येते, हेही समजून घेऊ. त्या लोखंडी देहाचा प्रत्येक भाग त्याने स्वतः निवडलेला असतो. चालकाचे नावही त्यानेच ठेवलेले. समोरचा आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही. गावातल्या क्रिकेटच्या मैदानावर कुणाला बॅट मिळते आणि कुणाला सीमारेषेवर उभे करतात, हे ज्याने भोगले आहे त्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि मजा करणे हा काही गुन्हा नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांचा मुद्दा नेमका हाच होता. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही. राबणाऱ्यांच्या पोरांनी फुरसतीत यंत्राशी खेळावे, यात आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही.

लाज वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. आपल्या पोराच्या हातातल्या फोनवर वर सांगितलेले दोन्ही गेम चालत नाहीत. फोनवर चालतो तो 'वॉर रोबोट्स'. मॉस्कोत उभ्या राहिलेल्या पिक्सॉनिक कंपनीने तो २०१४ साली काढला. तो उतरवून घ्यायला फुकट आहे. सहा विरुद्ध सहा, दहा मिनिटांची लढाई. इथेही रोबो निवडायचा, हलकी-मध्यम-जड शस्त्रे बसवायची. पण प्रत्येक रोबोला आणि प्रत्येक शस्त्राला पायऱ्या आहेत. तीच बंदूक, पण खालच्या पायरीवरच्याची दुबळी आणि वरच्या पायरीवरच्याची संहारक. पायरी चढायला खेळातली चांदी लागते आणि वेळ लागतो. वरच्या पायऱ्यांना तर दिवसच्या दिवस. थांबायचे नसेल तर सोने द्या, आणि सोने खऱ्या पैशाने विकत मिळते. खेळाडूंच्याही उतरंडी आहेत: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड, आणि त्यावरही आणखी. गंमत म्हणजे फुकट खेळणारा पोरगा हुशारीने जिंकत गेला की त्याला वरच्या गटात ढकलतात, आणि तिथे पैसे मोजून वाढवलेले रोबो त्याला चिरडतात. त्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ती इथे खेळाच्या दुकानात किंमतीची चिठ्ठी लावून मांडलेली आहे.

फोनवरचा दुसरा गाजलेला मेक-गेम म्हणजे २०२१ चा 'मेक अरेना'. तो प्लॅरियम या कंपनीचा. गेम आला तेव्हा प्लॅरियमची मालकी ऑस्ट्रेलियातल्या ज्या कंपनीकडे होती, तिचा मूळ धंदा जुगाराची यंत्रे बनवण्याचा. त्या कंपनीचे नाव अ‍ॅरिस्टोक्रॅट, म्हणजे उमराव! (२०२५ मध्ये प्लॅरियम दुसऱ्याच्या हाती गेली.) माणसाला यंत्रापुढे बसवून खिसा कसा रिकामा करायचा, हे ज्ञान या घराण्यात मुरलेले होते.

आता कुणी म्हणेल, सरकारने कायदा केला ना? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. चांगले झाले. पण रोबोची बंदूक वाढवायला दिलेला पैसा डाव ठरत नाही, कारण त्यातून परत काही मिळण्याची आशाच नसते. तो नुसता जातो. त्यामुळे तो या बंदीत बसत नाही. बेल्जियमने २०१८ सालीच पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे तेवढेही झालेले नाही.

आता श्रीमंताच्या पोराचा गेम पाहा. 'आर्मर्ड कोअर'ला सुरुवातीला काही हजार रुपये मोजावे लागतात, पण एकदाच. त्यानंतर ऑनलाइन लढाईत पैशाने कुणाची बंदूक मोठी होत नाही. घेतलेला भाग आवडला नाही तर ज्या भावाने घेतला त्याच भावाने परत विकता येतो. म्हणजे चुका करून शिकायला दंड नाही. 'मेकवॉरियर ऑनलाइन' तर फुकट आहे. पैसे टाकून तिथेही जास्त मेक घेता येतात, पण तीच बंदूक पैशाने दुप्पट ताकदीची होत नाही. अडचण एवढीच की त्याला कॉम्प्युटर लागतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर सापडला होता. त्यात आपली घरे किती असतील, ज्याने त्याने अंदाज करावा. एकूण काय, न्यायाचा खेळ कॉम्प्युटरवाल्याला आणि लुटीचा खेळ फोनवाल्याला.

म्हणून फोन हिसकावून घेण्याने काही साधणार नाही. पोरांना फोनवरून उठवून कॉम्प्युटरपुढे बसवा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत, जिल्हा ग्रंथालयात, विहारांच्या अभ्यासिकांत कॉम्प्युटर मागा, आणि संध्याकाळचा एक तास खेळायला राखून ठेवा. मुलींचा तास आठवणीने ठेवा, नाहीतर तिथेही पोरेच खुर्च्या अडवून बसतील. खेळता खेळता यातलीच दोन पोरे विचारतील की हा गेम बनवतात कसा. 'राजी' हा गेम २०२० साली पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने बनवला, 'इंडस' २०२४ साली पुण्याच्याच सुपरगेमिंगने. पुणे परभणीहून रात्रीच्या गाडीचे अंतर आहे.

'मेकवॉरियर ऑनलाइन'मध्ये एका संघात बाराजण लागतात. साधे ग्राफिक कार्ड टाकलेला जुना कॉम्प्युटर त्याला पुरतो. चौदा एप्रिलला डीजेच्या एका रात्रीला जेवढे भाडे जाते त्यात असे किती कॉम्प्युटर बसतात, याचा हिशेब आपल्या जयंती मंडळांनी येत्या बैठकीत मांडावा.